‘तेरवं’ : एकल महिलांचा रंगमंच

‘तेरवं’ हे विदर्भाच्या कापूसपट्ट्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांनी उभे केलेले वऱ्हाडी बोलीतले नाटक. श्याम पेठकर यांनी ते लिहिले आणि हरीश इथापे यांनी बसवले. मृत्यूनंतर तेराव्या दिवशीच्या विधीवरून त्याला नाव मिळाले. तोवर घरात सोयऱ्याधायऱ्यांची ये-जा असते. बाईची खरी कसोटी पुढे लागते.

पहिली कसोटी कागदाची. आत्महत्येची चौकशी होते आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्हा समिती ठरवते. बँकेच्या थकबाकीचा, वसुलीच्या तगाद्याचा पुरावा द्यावा लागतो. हातउसन्या पैशाला असा पुरावा कुठून आणायचा? पात्र ठरल्यावर मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या सरकारी मदतीपैकी 30 हजार हाती येतात, 70 हजार ठेवीत जातात. दुसरी कसोटी गावाची असते: हळदीकुंकवाला बोलावणे नाही, मंगलकार्यात पुढे यायचे नाही.

नाटकातल्या बाया व्यावसायिक नट्या नव्हत्या. पेरणी, उसनवारी, मुलांचे शिक्षण त्या आधीपासूनच निभावत होत्या. त्याला कर्तृत्व म्हणणारे कुणी नव्हते. तालमींनी त्यांना चारचौघांत बोलायला उभे केले, आणि हे काम कोणत्याही मदतनिधीपेक्षा मोलाचे आहे. ‘विधवा’ऐवजी ‘एकल महिला’ ही ओळखही अशा स्त्रियांच्या चळवळीत रुळली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे या नाटकातल्या बायांपैकीच एक. 2011 मध्ये पतीने आत्महत्या केल्यावर अंगणवाडी मदतनीस म्हणून राबत त्यांनी मुले वाढवली. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने वाद पेटला होता. अखेर उद्घाटनाचा मान येडे यांना मिळाला. अडचणीत दिल्लीची नव्हे, गल्लीतलीच बाई कामी येते, असे त्यांनी भरमांडवात ठणकावून सांगितले. त्याच वर्षी त्यांनी यवतमाळ-वाशीममधून लोकसभाही लढवली. यश आले नाही, पण एकल बाईने मते मागायला दारोदार फिरणे हीच मोठी गोष्ट होती.

गावाच्या कसोटीविरुद्धही पाऊल पडले: मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य शासनानेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. ज्या गावांत हा ठराव अजून झाला नसेल, तिथे येत्या ग्रामसभेत तो मांडावा, आणि त्यासोबतच बाईच्या नावाची वारस नोंद सातबाऱ्यावर चढवून घ्यावी.