अळीला ‘सवय’ लागत नाही

बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पुन्हा का आली, असे दहावी-बारावीच्या मुलांना विचारून पाहा. हमखास येणारे उत्तर म्हणजे, ‘अळीला विषाची सवय झाली. जगायचे म्हणून तिने स्वतःत बदल केला.’ उत्तर चूक आहे, पण अनुभवाला धरून आहे. तिखट खाऊन खाऊन जीभ सरावते, हे घरोघरी दिसते. फक्त ती सरावलेली जीभ वारशाने मुलांना मिळत नाही.

बीटी कपाशीत तयार होणारे विषारी प्रथिन अळीच्या आतड्यातल्या कॅडेरिन या प्रथिनाला चिकटते, तिथल्या पेशी फुटतात आणि अळी मरते. एखाद्या अळीत कॅडेरिनचे जनुक योगायोगानेच वेगळे असते. अळीची गरज पाहून ते बदललेले नसते. तिच्या आतड्यात विषाला नीट चिकटता येत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते, पतंग होऊन अंडी घालते. शेतातली कुठलीच अळी बदललेली नसते. पिढ्यांमागून पिढ्या बदलत जाते ते अशा अळ्यांचे प्रमाण.

हे खरेच समजले का, हे तपासायला नैसर्गिक निवडीची डार्विनची व्याख्या विचारून उपयोग नाही; ती पाठ असते. त्यापेक्षा पूर्वी बियाण्याच्या पाकिटासोबत मिळणाऱ्या १२० ग्रॅम बिगर-बीटी पुडीबद्दल विचारावे. शेताच्या कडेला ती ‘रेफ्युजी’ म्हणून लावायची असे. अळीला बिनविषारी चारा मुद्दाम कशाला वाढायचा? सवय लागते असे मानणाऱ्याला इथे अडखळावेच लागते. प्रमाणाचे गणित कळलेला मुलगा सांगेल, की त्या कडेच्या झाडांवर विषाला बळी पडणारे पतंग भरपूर निपजतात आणि तुरळक प्रतिकारक पतंगांशी त्यांचे मीलन होते. प्रतिकाराचे जनुक अप्रभावी असल्याने ते एकाच पालकाकडून मिळालेली पिल्ले बीटीवर मरतात.

आपल्याकडे असंख्य शेतांत ती पुडी लावलीच गेली नाही. दोष एकट्या शेतकऱ्याचा कसा म्हणायचा? ‘लावा’ म्हणून सांगितले, ‘का’ ते फारसे कोणी सांगितले नाही. बीटी २००२ मध्ये आले, २०१० मध्ये गुजरातेतल्या अळीचा प्रतिकार जाहीर झाला आणि २०१७ मध्ये, दोन विषे असलेले वाण शेतात असतानाही, विदर्भ-मराठवाड्यात बोंडे किडली. अमेरिकेतल्या ॲरिझोनात मात्र रेफ्युजी नेमाने लावली गेली. तिथली अळी वर्षानुवर्षे बीटीला बळी पडत राहिली. पुढे वंध्य केलेले पतंग सोडण्याचीही जोड मिळाली आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कपाशीतून गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर झाले.