अडेल गप्प बसते तेव्हा

पॉप गायिकेनं सतत समोर असावं, नाहीतर लोक विसरतात, हा या धंद्यातला जुना समज. रिहानानं २००५ ते २०१२ या काळात सात अल्बम काढले. ब्रिटनच्या अडेलनं उलट केलं. तिचा ‘२१’ हा अल्बम जानेवारी २०११मध्ये आला, ‘२५’ थेट नोव्हेंबर २०१५मध्ये. चार आठवडे आधी ‘हॅलो’ हे एकच गाणं सोडलं, नाताळची खरेदी तोंडावर होती, आणि अल्बम सुरुवातीला स्ट्रीमिंगवर ठेवलाच नाही. पूर्ण ऐकायचा तर विकत घ्या. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ३३ लाखांहून जास्त प्रती खपल्या. अर्थात ‘२१’नं मिळवलेलं प्रेम गाठीशी होतं, म्हणूनच लोक इतके थांबले. शिवाय मध्ये २०१२चं ‘स्कायफॉल’ हे चित्रपटगीत होतं, ज्याला ऑस्कर मिळालं.