सागराच्या पोटातील पहारेकरी

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९३७ पासून शार्कच्या हल्ल्यांपासून बचावासाठी किनाऱ्यालगतच्या समुद्रात जाळी लावली जाऊ लागली. ही जाळी सुमारे १५० मीटर लांब व ६ मीटर उंच असते. ती अखंड भिंत नव्हे. शार्क तिच्या बाजूने अथवा वरून सहज निघून जातो. उलट कासवे, डॉल्फिन आणि निरुपद्रवी मासे मात्र तीत अडकून प्राणास मुकतात. मग माणसाचा जीव वाचविण्यासाठी इतर जीवांचा बळी अपरिहार्यच आहे काय? या प्रश्नातूनच सोनार तंत्राकडे लक्ष वळले.

सोनार म्हणजे ध्वनीच्या साहाय्याने पाण्यात घेतलेला शोध. यंत्रातून ध्वनितरंग सोडले जातात व वस्तूवर आदळून परतणारा प्रतिध्वनी टिपला जातो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो. प्रतिध्वनी एक दशांश सेकंदात परतला, तर जाऊन-येऊन १५० मीटर अंतर कापले गेले. म्हणजेच वस्तू ७५ मीटरवर आहे.

तत्त्व सोपे असले तरी शार्क ओळखणे अवघड आहे. बहुतेक अस्थिमय माशांच्या शरीरात हवेची पिशवी असते व तिच्यामुळे प्रतिध्वनी ठळक येतो. शार्कला अशी पिशवी नसते. त्यातच फुटणाऱ्या लाटांमुळे पाण्यात असंख्य बुडबुडे मिसळतात आणि संकेत अस्पष्ट होतो.

२०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातच पुढे आलेल्या ‘क्लेव्हर बॉय’ या यंत्रणेने यावर उपाय शोधला. समुद्रतळावरील सोनार हालचाल टिपते, संगणक आकार व पोहण्याची लकब तपासतो आणि मोठ्या शार्कचा संशय येताच पाण्यावर तरंगणाऱ्या बोयामार्फत किनाऱ्यावरील जीवरक्षकांना संदेश जातो. सिडनीच्या प्रसिद्ध बाँडाय किनाऱ्यावरही तिची चाचणी झाली.

तथापि हे यंत्र शार्कला रोखत नाही, केवळ सूचना देते. त्याची नजर मर्यादित अंतरापर्यंतच पोहोचते आणि कधी दुसऱ्याच प्राण्यास ते शार्क समजू शकते. म्हणून जीवरक्षकाची दक्षता आणि इशारा मिळताच पाण्याबाहेर येण्याची पोहणाऱ्यांची शिस्त, यांवाचून ते व्यर्थ आहे. जाळे समुद्रातील जीवास शिक्षा करते. सोनार माणसास सावध करते. समुद्र हे शार्कचे घर आहे आणि आपण तेथे घटकाभराचे पाहुणे आहोत, हे ध्यानी घेतले म्हणजे या दोहोंतील भेद स्पष्ट होतो.