पायथ्याची ओल
(वृद्धांच्या शुश्रूषागृहाविषयी काही गैरसमज आणि वस्तुस्थिती)

नवेगाव बांधसारख्या गावी, जेथे म्हातारे माणूस ओसरीवरच्या खाटेवरच आपली उरलेली हयात काढते अशी आजवरची रीत, तेथे एखाद्या कुटुंबाने आईला शुश्रूषागृहात ठेवण्याची तजवीज चालविली आहे असे नुसते कानावर आले, तरी जी कुजबुज सुरू होते तिच्यात दया थोडी, दोषारोप अधिक आणि माहिती मात्र जवळजवळ नसतेच. मुलगा पुण्यास नोकरीत, सून रोवणीच्या दिवसांत सकाळपासून बांधीत, आणि घरी पक्षाघाताने एक अंग गेलेली, कुशीवर वळण्यासही दुसऱ्याच्या हाताची गरज असलेली आई, हे चित्र आता या पंचक्रोशीत दुर्मीळ राहिलेले नाही. परंतु त्याविषयीच्या आपल्या समजुती अजून एकत्र कुटुंबाच्याच काळातल्या आहेत.

पहिली समजूत अशी की, आईला बाहेर ठेवले म्हणजे मुलगा कर्तव्यातून सुटला. शेजारी हे निंदेने म्हणतात आणि क्वचित मुलगाही मनातल्या मनात सुटकेने म्हणतो. कायदा दोघांशीही सहमत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या 2007 च्या अधिनियमान्वये निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार हे सारे होय, आणि आई कोणत्या छपराखाली निजते यावर ती जबाबदारी अवलंबून नाही. मुलाने हात आखडता घेतल्यास उपविभागीय दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि कमाल 10,000 रुपयांच्या मर्यादेत दरमहा रक्कम ठरवून मिळते. अपत्यहीन वृद्धाच्या बाबतीत, जो आप्त त्याच्या मालमत्तेचा वारस होणार त्याच्यावरही हे बंधन आहे. उलटपक्षी, वृद्धाला पूर्णतः टाकून देण्याच्या हेतूने कोठेतरी सोडून जाणे हा 3 महिन्यांपर्यंतच्या कैदेस किंवा 5,000 रुपयांपर्यंतच्या दंडास अथवा दोन्हींस पात्र असा गुन्हा आहे. पण खर्च देऊन, येजा ठेवून, योग्य ठिकाणी शुश्रूषेची व्यवस्था करणे या गुन्ह्यात बसत नाही. ज्यांनी घर किंवा शेत मुलांच्या नावे करून दिले आहे त्यांनी याच कायद्याचे 23 वे कलम ध्यानी ठेवावे: सांभाळ न झाल्यास ते बक्षीसपत्र रद्द करवून घेता येते, मात्र सांभाळाच्या अटीवर ते दिले गेले हे सिद्ध व्हावे लागते, म्हणून ती अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली बरी.

दुसरा गैरसमज अधिक व्यवहारी आणि म्हणूनच अधिक घातक आहे. वृद्धाश्रम म्हटला की तेथे कोणालाही, कोणत्याही अवस्थेत ठेवता येते असे लोक धरून चालतात. शासनाने 1995 मध्ये सुरू केलेले मातोश्री वृद्धाश्रम काय, किंवा अनेक धर्मादाय आश्रम काय, यांची मूळ कल्पना निराधार परंतु आपले आपण हिंडूफिरू शकणाऱ्या वृद्धांच्या निवाऱ्याची आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पथारी सांभाळण्याची नव्हे. दुसऱ्या टोकाला ‘नर्सिंग होम’ अशी पाटी लावलेली ठिकाणे 1949 च्या नोंदणी कायद्याखालची लहान खासगी रुग्णालये असतात. तेथे उपचार संपले की खाट रिकामी करावी लागते. या दोहोंच्या मध्ये, दीर्घकाळ शुश्रूषा देणारी जी गृहे आहेत, ती मुख्यतः मोठ्या शहरांत व बहुतांशी खासगी आहेत. प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निर्धन वृद्धांसाठी आश्रमापासून आरंभ करावा असे 2007 च्या कायद्यात आहे खरे, पण त्यातील शब्दयोजना मुभेची आहे, सक्तीची नाही. त्या भरवशावर कोणी राहू नये.

आता शोधाला लागण्यापूर्वीची एक गोष्ट. म्हातारी चार दिवसांत एकाएकी बरळू लागली, माणसे ओळखेनाशी झाली, की ‘आता वयच झालं’ म्हणून घरची मंडळी निर्णयाला येतात. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा रोग आहे, वार्धक्याचा अपरिहार्य भाग नव्हे. भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना तो असल्याचा अंदाज आहे, म्हणजे बहुसंख्यांना नाही. शिवाय तो सहसा महिन्या-वर्षांच्या गतीने येतो. एकाएकी आलेल्या भ्रमाच्या मुळाशी मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियमची घट किंवा नव्याने सुरू झालेली एखादी गोळी असू शकते, आणि कारण दूर होताच माणूस पुष्कळदा पूर्वपदावर येतो. वैद्यकीय तपासणीपूर्वी सामान बांधणे म्हणजे बऱ्या होणाऱ्या माणसाची कायमची रवानगी करणे होय.

प्रत्यक्ष शोधाला लागल्यावर, एखाद्या गृहाच्या भिंतीवर नोंदणीचा दाखला टांगलेला दिसला की आपण निश्चिंत होतो. पण तो दाखला पुष्कळदा सार्वजनिक न्यासाचा असतो; धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी न्यासाचे विश्वस्त आणि हिशेब नोंदलेले असतात, रात्री किती परिचारिका जाग्या असतात हे नव्हे. खासगी वृद्धगृहांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा ठरविणारे दुरुस्ती विधेयक 2019 च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले गेले, परंतु ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले. तेव्हा पाहणीचे काम आपल्यालाच करणे प्राप्त आहे.

ती कशी करावी हे आपल्या भागाला तरी शिकवावे लागू नये. नवेगावच्या तलावाचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे येथील परंपरा सांगते, आणि त्या कोहळ्यांच्या वंशजांना ठाऊक आहे की तलाव पाहायला गेलेला जाणता माणूस पाण्याच्या विस्ताराकडे न बघता आधी पाळीच्या पायथ्याशी ओल आहे काय ते बघतो. शुश्रूषागृहाचीही बाग, देवघर आणि दिवाणखाना शेवटी पाहावा. आधी सर्वांत अशक्त रुग्णाच्या खाटेपाशी जावे. पाण्याचा पेला भरलेला आहे, पण तो रुग्णाच्या चालत्या हाताच्या बाजूला आहे काय? टाचा आणि माकडहाड यांवर लाली आहे काय? कूस बदलता न येणाऱ्या रुग्णाला साधारणतः दर दोन तासांनी वळवावे लागते, आणि त्याची नोंद एखाद्या वहीत असावी. ती वही मागावी, आणि रात्री 2 व 4 वाजताच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर काय समजायचे ते समजावे. दुपारी 3 वाजता सारेच रुग्ण गाढ झोपलेले आढळले तर गोळ्यांची यादी विचारावी. कळवून एकदा जावे, न कळवता पुन्हा जावे, आणि तेही रात्रीच्या जेवणाच्या वेळी.

पैशाविषयी थोडक्यात. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचे संरक्षण 2024 च्या ऑक्टोबरापासून मिळते. ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, शुश्रूषागृहाच्या मासिक आकारासाठी नाही.

राहिला अंतराचा प्रश्न. नागपूरचे ते चांगलेच असणार, ही आपल्याकडची जुनी श्रद्धा. मला ती पटत नाही. ‘मायले तिथं करमल का?’ हा शेजारणीचा भाबडा प्रश्न भल्याभल्या माहितीपत्रकांपेक्षा नेमका आहे. जन्मभर भात खाल्लेल्या, दात नसलेल्या बाईपुढे दोन्ही वेळा पोळी आली तर ती महिन्याभरात वाळते, आणि तिची झाडीबोली न समजणाऱ्या सेविकेला ‘दुखते’ म्हणजे कोठे हे कळत नाही. शिवाय ज्या रुग्णाकडे आठवड्यातून एकदा तरी घरचे माणूस फिरकते त्याच्या अंगावरची जखम लवकर उजेडात येते. तेव्हा गोंदिया किंवा भंडाऱ्याकडे, जेथे एखादा आप्त एस.टी.ने जाऊन त्याच दिवशी परतू शकेल अशा टप्प्यात, बेताच्या इमारतीचे पण माणसे असलेले ठिकाण सापडले तर ते अधिक पसंत करावे; मात्र श्वासनलिकेत नळी असलेल्या किंवा सतत प्राणवायू लागणाऱ्या रुग्णाला मोठे रुग्णालय जवळ असणे अनिवार्य आहे, आणि तेथे नागपूरला पर्याय नाही.

करार लेखी असावा. अनामत किती दिवसांत परत, दरवाढ केव्हा, रात्री प्रकृती बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात नेणार, वाहन कोणाचे आणि संमतीची सही कोणाची, हे सारे त्यात यावे. अडचण पडल्यास उपयोगी पडणारा ज्येष्ठांसाठीचा 14567 हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक त्याच कागदावर टिपून ठेवावा. कराराची एक प्रत पुण्याच्या मुलाजवळ आणि दुसरी नवेगावातल्या आप्ताजवळ असावी, कारण आधी पोहोचणार आहे तो गावचाच माणूस.