मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणतंय? वाट बघायची की स्पीच थेरपिस्टकडे जायचं?

समजा, चार वर्षांचा मुलगा अंगणातून पळत आत येतो आणि ओरडतो, ‘ताप! ताप!’ आई कपाळाला हात लावते. अंग तर गार आहे. ती विचारते, ‘ताप आलाय का रे?’ त्यावर तो चिडतो, ‘ताप नाही, ताप!’

त्याला अंगणात साप दिसलाय.

म्हणजे दोन शब्दांतला फरक त्याच्या कानाला कळतोय, पण बोलताना दोन्ही शब्द एकच होतात. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६० साली असंच एक मूल नोंदवलं होतं. ते खेळण्यातल्या माशाला ‘फिस’ म्हणायचं, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलं की त्याला पटायचं नाही. त्याला ‘फिश’च ऐकायचं असायचं.

जीभ जड नसते, नियम वेगळा असतो

नांदेड-लातूरकडे अशा मुलाबद्दल पहिला सल्ला मिळतो, ‘जीभ जड आहे, मधातून वेखंड चाटवा.’ दुसरा सल्ला असतो, ‘जिभेखालची शीर कापून आणा.’ आता मूल नेमकं काय म्हणतं ते बघा. काकाला ताता, गाडीला दाडी, घरला धर, खारीकला थारीत. वर्णमाला आठवा. क, ख, ग, घ ही अख्खी ओळ त्याने त, थ, द, ध या ओळीने बदलली आहे, तीही न चुकता. मागे, घशाजवळ होणारे आवाज तो पुढे दातांपाशी काढतोय. जिभेचं टोक दातांना लागून ‘त’ स्पष्ट येत असेल, तर या मुलाची अडचण जिभेखालच्या शिरेत शोधून उपयोग नाही.

एखादाच आवाज, समजा फक्त ‘र’, काढता येत नसेल तर तो उच्चाराचा दोष. आवाजांच्या अख्ख्या गटाला असा चुकीचा नियम लागला असेल आणि वय वाढलं तरी तो सुटत नसेल, तर त्याला फोनॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. ‘प्राणी’चं ‘पाणी’ होणं, म्हणजे जोडाक्षरातला एक आवाज गळणं, हाही असाच नियम. लहानपणी असे नियम सगळीच मुलं वापरतात आणि हळूहळू सोडतात. साधारण हिशेब असा: तिसऱ्या वर्षी अनोळखी माणसाला मुलाचं निम्म्याहून बरंच जास्त बोलणं कळावं आणि चौथ्या वर्षी जवळजवळ सगळं. ‘अनोळखी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आईला सगळंच कळतं, त्यामुळे आईचा निकाल इथे धरायचा नाही.

पण ‘पानी’ म्हणणं हा आजार नाही

मराठवाड्यात ही गोष्ट फार गोंधळ करते. घरात आजी-आजोबा ‘पानी’, ‘कोन’ म्हणत असतील तर मूलही तेच म्हणणार. ती त्याची बोली आहे. उदगीर, निलंग्याकडे कानावर कानडी पडते, देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, किनवटकडे गोंडी आणि बंजारा, शहरांत दखनी. दोन भाषा ऐकल्याने हा दोष होत नाही. शाळेत ‘ण’ नीट येत नाही म्हणून कुणी थेरपीला पाठवलं, तर आधी घरचं बोलणं ऐकायला हवं. मूल घरच्यांपेक्षा वेगळं बोलतंय का, एवढंच बघायचं असतं. (प्रमाण मराठीच्या मोजपट्टीने मोजलं तर माझं अर्धं गाव थेरपीला पाठवावं लागेल.)

थेरपीत नेमकं काय होतं?

आधी कानांची तपासणी. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल तर आवाज दबके ऐकू येतात. नांदेडचं विष्णुपुरी इथलं डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय असो की लातूरचं विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था, सुरुवात कान-नाक-घसा विभागापासून करता येते.

मग खेळ. टेबलावर दोन चित्रं, कार आणि तार. मुलाला हवी असते कार, तोंडून येतं ‘तार दे’. थेरपिस्ट निमूटपणे तार देतात. मूल गोंधळतं. आवाज बदलला की अर्थ बदलतो, हे त्याला बहुधा पहिल्यांदाच असं समोर दिसतं. गार-दार, साप-ताप अशा जोड्यांवर कितीतरी सत्रं जातात. दुसरी पद्धत बार्बरा हॉडसन आणि इलेन पेडन यांनी १९८३ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. एका नियमावर काही आठवडे काम करायचं, तो पूर्ण सुटण्याची वाट न बघता पुढचा घ्यायचा आणि मग पुन्हा पहिल्याकडे यायचं.

फुंकर मारणं, शिट्टी वाजवणं, जीभ गोल फिरवणं यावरच सत्र संपत असेल तर प्रश्न विचारा. अशा व्यायामांनी या मुलांचं बोलणं सुधारतं याला भक्कम पुरावा नाही. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारा. त्यात उद्धटपणा काही नाही.

सरकारी तपासणीत हे मूल का सुटू शकतं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. गरज असलेल्या मुलांना पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं असतं. पथकाच्या यादीत ऐकण्याचा दोष आणि भाषाविकासातला उशीर आहे. पण आपलं मूल तर भरपूर बोलतं, फक्त ते कळत नाही. गर्दीच्या तपासणीत ‘बोलतो ना?’ या प्रश्नाला ‘हो’ उत्तर मिळालं की विषय संपतो. म्हणून पथक येईल त्या दिवशी पालकांनी स्वतः जाऊन सांगावं. अपंगत्व प्रमाणपत्राची आशा मात्र ठेवू नका. २०१६ च्या कायद्यात वाचा-भाषा अपंगत्व म्हणजे शारीरिक किंवा मेंदूशी संबंधित कारणाने आलेलं कायमचं अपंगत्व, आणि हा दोष सहसा त्यात बसत नाही.

उशीर झाला तर फक्त चिडवाचिडवी होते असं नाही. बोलताना नीट वेगळे न झालेले आवाज पुढे वाचताना आणि श्रुतलेखनातही गोंधळ घालू शकतात. काही मुलं वर्गात बोलणंच कमी करतात, आणि बाई समजतात, मूल शांत आहे.

घरी ‘म्हण बरं, क... क...’ असं पाहुण्यांसमोर वदवून घेऊ नका. ते ‘ताता आले’ म्हणालं की आपण सहज म्हणायचं, ‘हो, काका आले. काका बसले.’ पहिल्या भेटीला जाताना घरातल्या गप्पांचं पाचेक मिनिटांचं रेकॉर्डिंग मोबाईलवर न्या. त्यात मुलाबरोबर आजीचाही आवाज असू द्या.