अठरा पूर्ण झाले, आता राहायचं कुठे?

तुमचा अठरावा वाढदिवस आठवतोय? केक, लायसन्ससाठी आरटीओची चक्कर, मतदार यादीत नाव आणि घरच्यांचं ‘आता मोठा झालास हं!’ एवढं सगळं झालं, तरी रात्री झोपायला घर तेच होतं. बालगृहात वाढलेल्या मुलामुलींचं मात्र तसं नसतं. अठरा पूर्ण झाले की त्यांना संस्था सोडावी लागते.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कामाला काय तोटा? भोसरीपासून चाकणपर्यंत कंपन्याच कंपन्या. खरंय. आयटीआय झालेल्याला, अगदी बारावी झालेल्यालाही कॉन्ट्रॅक्टरमार्फत लाइनवर काम मिळू शकतं. पण पहिला पगार हातात येणार महिन्यानंतर. तोवर मोशीत किंवा खराबवाडीत कॉट बेसिसवर राहायचं तरी डिपॉझिट लागतं. रूममालक विचारतो, ‘गाव कुठलं? घरी कोण असतं? ओळखीचं कोणी आहे का इथं?’ कंपनीच्या फॉर्मवर रकाना असतो, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं? आपण विचार न करता आईचा नंबर टाकतो. या मुलांनी कोणाचा टाकायचा? पुढे कंपनीनं ब्रेक दिला, तर आपण दोन महिने घरी जाऊन बसतो. त्यांनी जायचं कुठे?

गोव्यातल्या संस्थेत वाढलेल्या अमृता करवंदेला अठराव्या वर्षी बाहेर पडावं लागलं. ती पुण्यात आली आणि पहिली रात्र तिनं रेल्वे स्टेशनवर काढली. मिळेल ते काम करत ती शिकली, एमपीएससीची परीक्षाही दिली. मार्क चांगले होते, पण नॉन-क्रीमी लेयरचा दाखला नव्हता, म्हणून निवड झाली नाही. आई-वडीलच माहीत नाहीत, तर त्यांच्या उत्पन्नाचा पुरावा आणायचा कुठून? तिनं पाठपुरावा केला आणि जानेवारी 2018 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं अनाथ मुलांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षणाचा निर्णय घेतला.

पण आरक्षणाचा फायदा व्हायला आधी परीक्षेपर्यंत टिकायला हवं ना! त्यासाठीही तरतूद आहे. बाल न्याय कायदा 2015 चं कलम 46 सांगतं की, अठराव्या वर्षी संस्था सोडणाऱ्याला समाजात उभं राहण्यासाठी आर्थिक मदत देता येते. नियमांनुसार हा आधार 21 वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत 23 पर्यंत मिळू शकतो. यालाच अनुरक्षण म्हणतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना 4,000 रुपयांची तरतूद आहे. चौकशी करायची ती जिल्हा बाल संरक्षण कक्षात किंवा बालकल्याण समितीकडे, आणि शक्यतो संस्था सोडण्याआधीच. एकदा माणूस रूम आणि शिफ्टच्या रगाड्यात अडकला, की कागदपत्रं मागेच पडतात.

मग आपण काय करायचं? एनएसएसतर्फे संस्थेत जाता ना? लहानग्यांसोबत केक कापाच, पण सतरा वर्षांच्या दादा-ताईंशीही बोला. त्यांना बँकेत न्या, भाडेकरार कसा वाचायचा ते दाखवा, पगाराच्या स्लिपवर पीएफ कुठे दिसतो ते सांगा. तुमच्या वर्गात असं कोणी असेल, तर ‘बिच्चारा’ म्हणू नका आणि घरची चौकशीही खोदून खोदून करू नका. रूम बघायला जाताना सोबत जा. दिवाळीला मेस बंद असेल, तर घरी जेवायला बोलवा.

आणि खरंच मैत्री असेल, तर एक काम नक्की करा. फॉर्मवरच्या त्या रकान्यात ‘माझा नंबर टाक’ म्हणा. मग रात्री दोन वाजता फोन वाजला, तरी उचला.