प्रकाशीय तबकड्यांचे भांडार : कॅश आणि बफर

जबलपूर हे एके काळी तलावांचे शहर म्हणून ओळखले जाई. राणीताल, चेरीताल, आधारताल ही तेथील वस्त्यांची नावे आजही गोंड राजवटीच्या काळातील तलावांची आठवण देतात. पावसाळ्यात धो धो येणारे पाणी तलाव अडवून धरी आणि पुढे ते सावकाश वापरता येई. घरातील माठाचे काम निराळे होते. प्रत्येक वेळी विहिरीवर जावे लागू नये, म्हणून थोडे पाणी तो हाताशी ठेवी. माठ फुटला तर विहिरीवर एक खेप अधिक पडे. तलावाचा बांध फुटला तर वर्षाचे पाणी वाहून जाई. प्रकाशीय तबकड्यांवर माहिती साठविणाऱ्या संगणकाच्या, म्हणजेच सर्व्हरच्या, रचनेत ही दोन्ही कामे असतात. तेथील माठाला कॅश म्हणतात आणि तलावाला बफर.

‘कॅश’ या शब्दाचा रोख रकमेशी संबंध नाही. लपविणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून तो आला आहे. मोठ्या व संथ स्मृतीपुढे लहान पण वेगवान स्मृती ठेवावी, ही कल्पना ब्रिटिश संगणकतज्ज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली एका लेखात मांडली. प्रकाशीय तबकडीला तिची गरज विशेष भासते. हवी ती जागा शोधण्यास तबकडीच्या वाचकयंत्राला सुमारे १०० सहस्रांश सेकंद लागतात असे धरले आणि कॅशमधून तीच माहिती १ सहस्रांश सेकंदात मिळते असे मानले, तर शंभरांपैकी नव्वद मागण्या कॅशमधून भागल्यास सरासरी वेळ सुमारे ११ सहस्रांश सेकंदांवर येतो. नव्व्याण्णव भागल्यास तो सुमारे २ वर उतरतो. यांत्रिक हाताने कपाटातून तबकडी काढून यंत्रात बसवावी लागत असेल, तर कित्येक सेकंद वाचतात.

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ १ नोव्हेंबर १९५६ पासून जबलपूर येथे आहे. अशा एखाद्या न्यायालयाचे जुने अभिलेख तबकड्यांवर उतरविले जात आहेत, अशी कल्पना करू. पक्षकार आणि वकील ज्या प्रकरणांची मागणी पुन्हा पुन्हा करतात, ती कॅशमध्ये असावीत. सर्व तबकड्यांची सूची तर तेथे कायमच असावी, कारण प्रत्येक शोध तिच्यापासून सुरू होतो. जागा अपुरी पडली म्हणजे सर्वांत अधिक काळ न मागितलेले पान आधी बाहेर काढावे, हा नियम सामान्यतः उपयोगी पडतो. मात्र एखादी तबकडी आरंभापासून अखेरपर्यंत तपासली जात असेल, तर तिची पाने कॅशमध्ये शिरू देऊ नयेत. एकदाच लागणारी ही पाने नित्य लागणाऱ्या पानांना हुसकावून लावतात. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवर नोंदलेला मजकूर बदलत नाही, त्यामुळे कॅशमधील प्रत शिळी होण्याचे भय नसते. यंत्रातील तबकडी बदलली तर तिची ओळख पुन्हा पटवून घ्यावी, एवढी दक्षता पुरते.

बफरचा प्रश्न अधिक गंभीर आहे. संगीताच्या तबकडीच्या मूळ वेगाने सेकंदाला १५० किलोबाइट माहिती लिहिली जाते. आठपट वेगाने लिहिणाऱ्या यंत्राला सेकंदाला १,२०० किलोबाइट लागतात. यंत्रातील बफर २,०४८ किलोबाइटचा असेल, तर तो जेमतेम १.७ सेकंद पुरतो. तेवढ्या अवधीत सर्व्हरकडून पुढील मजकूर आला नाही, तर लेखन तुटे आणि एकदाच लिहिता येणारी तबकडी वाया जाई. पुढे सन २००० च्या सुमारास लेखन थांबवून त्याच जागेपासून पुन्हा सुरू करणारी यंत्रे आली व हा धोका पुष्कळ कमी झाला.

तरीही सर्व्हरच्या बफरची आखणी काळजीपूर्वकच करावी लागते. कागदपत्रे दिवसभर येत राहतात, तबकडी मात्र एका ओघात लिहिली जाते. म्हणून निदान दोन तबकड्यांचा मजकूर मावेल एवढी जागा राखून ठेवणे श्रेयस्कर होय : एकीचा मजकूर लिहिला जात असताना दुसरीचा जमत राहतो. ही जागा केवळ विजेवर टिकणाऱ्या स्मृतीत असू नये. वीज जाताच तेथील सर्व मजकूर नाहीसा होतो, आणि ज्याचा मूळ कागद जीर्ण होऊन नष्ट झाला असेल, त्याची ती अखेरचीच प्रत असू शकते. येणारा मजकूर प्रथम चुंबकीय तबकडीवर साठवावा, मग प्रकाशीय तबकडीवर लिहावा, लिहिलेले पुन्हा वाचून मूळ मजकुराशी ताडून पाहावे आणि दोन्ही जुळल्यानंतरच बफरमधील प्रत पुसावी. ‘लेखन पूर्ण झाले’ हा संदेश वापरणाऱ्याला त्यानंतरच द्यावा.

यावरून दोहोंच्या आखणीचे सूत्र स्पष्ट होते. कॅश किती मोठी असावी हे लोक पुन्हा पुन्हा काय मागतात यावरून ठरते. बफर किती मोठा असावा हे आवक आणि लेखन यांच्या वेगांत किती अंतर पडते, व ते किती काळ टिकते, यावरून ठरते. कॅश चुकली तर वाचकाला थोडी वाट पाहावी लागते. बफर चुकला तर वाट पाहूनही काही हाती लागत नाही. साधने अपुरी असतील तेव्हा काटकसर माठात करावी, बांधात नव्हे.